ओळखीने खबर मिळते, खात्री नाही



उसाचे बिल जमा झाले की आधी सोसायटीचे कर्ज, मग पोरांची फी, आणि त्यातून काही उरलेच तर ‘कुठंतरी गुंतवावं’ हा विचार. आपल्या भागात हा विचार हल्ली बहुधा खोलीकडे नाहीतर प्लॉटकडे वळतो. त्यात वावगे काही नाही. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत, दौंड तालुक्यात कुरकुंभची. शिवाय दौंडला रेल्वेचे जंक्शन आणि राज्य राखीव पोलीस दल. बाहेरगावच्या नोकरदाराला जागा हवी असते, आणि चांगली जागा पाटी लागण्याआधीच हातोहात जाते.

मग ती आपल्याला कळणार कशी? माणसांकडून. बदली झालेला नोकरदार घर विकणार, हे आधी त्याच्या शेजाऱ्याला कळते. खोल्या कुठे कमी पडतात, हे कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराला ठाऊक असते. गवंडी, बँकेचा अधिकारी, दस्त करणारा वकील यांच्याशी वर्षभर बोलणे-चालणे ठेवावे, त्यांच्या अडीअडचणीला आपणही उभे राहावे. नुसते कामापुरते गेलो तर कोण सांगतो?

पण पाय घसरतो तो इथेच. “माणूस आपलाच हाय, कागद कशाला बघायचा?” असे म्हणून विसार देणारे आम्ही पाहिले आहेत. शेतातले दोन-दोन गुंठे मुद्रांकावर लिहून घेतले, पैसे मोजले, पण सातबाऱ्यावर नाव लागेना. कारण १९४७ सालचा तुकडेबंदी कायदा. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान शेतीचा तुकडा विकण्यास तो मनाई करतो. २०२३ मध्ये हे क्षेत्र बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे ठरले. २०२५ मध्ये निवासी क्षेत्राला सवलत मिळाली. आपला गट तीत बसतो का, हे तहसील कचेरीत विचारूनच ठरवावे.

म्हणून विसाराआधी सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ वाचा. सोसायटीचा वा बँकेचा बोजा तिथे दिसतो. फेरफार पाहा, बहिणींसह सर्व वारसांची संमती आहे का विचारा. बिनशेतीचा आदेश, मोजणी आणि जाण्यायेण्याचा रस्ता तपासा. साठेखत म्हणजे मालकी नव्हे; मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते. नव्या इमारतीत आठांहून जास्त सदनिका असतील, आणि जागा ५०० चौरस मीटरच्या वर असेल, तर महारेराची नोंदणी लागते. ही व्यवस्था मे २०१७ पासून आहे. अशा प्रकल्पातली जागा दाखवणाऱ्या दलालालाही नोंदणी सक्तीची आहे.

भाड्याचा हिशेब बारा महिन्यांचा न धरता दहाचा धरावा. खोली रिकामीही राहते, दुरुस्तीही निघते.

बेणे आपण ओळखीच्याच शेतकऱ्याकडून आणतो, तरी कांडीचा डोळा पाहिल्याशिवाय सरीत टाकत नाही. जागेलाही तोच नियम लावावा, एवढीच विनंती.