पाच वर्षं मागून

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीत आखेनला शिकायला आलो तेव्हा सामानात एक जाडजूड लॅपटॉप होता. एक जीबी रॅम, ऐंशी जीबीची हार्ड डिस्क, आणि वेगळं ग्राफिक कार्ड वगैरे काही नाही. त्याआधीचा माझा सगळा अनुभव घरच्या पीसीवरचा. पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून मोठ्या भावानं तो जोडला होता आणि त्यावर आम्ही 'रोड रॅश' आणि 'एज ऑफ एम्पायर्स' खेळायचो. सीडी मिळाली की गेम चालतोच, अशी माझी भाबडी समजूत त्यातूनच झाली. गुरुवारी पुण्यातली वीज जायची, तेवढाच काय तो खंड.

ही समजूत हॉस्टेलमध्ये शेजारच्या खोलीतल्या जर्मन मुलानं मोडली. नोव्हेंबर २००७, बाहेर साडेपाचलाच अंधार. त्याची खोली माझ्याएवढीच, म्हणजे पलंग, टेबल आणि कपाट मावलं की संपली. पण टेबलाखाली बाजू उघडी टाकलेला एक काळा डबा, आणि त्यातून येणाऱ्या गरम हवेनं हीटर बंद असूनही खोली उबदार. पडद्यावर समुद्रकिनारा. तो नारळाच्या झावळीवर एक गोळी झाडायचा, झावळी बरोबर तिथंच मोडून लोंबायची, आणि हा कोपऱ्यातला आकडा बघायचा, सेकंदाला किती चित्रं पडतात त्याचा. सत्तावीस. मेन्यूत जाऊन सावल्या एक पायरी खाली. पुन्हा तोच किनारा, तीच झावळी. एकतीस. असं तासभर चाललं होतं. शत्रूचा एक माणूस शेजारून येऊन त्याला गोळ्या घालून गेला, त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

तो गेम म्हणजे 'क्रायसिस'. ज्याची हार्डवेअरची भूक पुढे जगभर विनोदाचा विषय झाली, तो हा गेम इथलाच, फ्रँकफुर्टच्या क्रायटेक कंपनीचा. कंपनी १९९९ मध्ये बायर्नमधल्या कोबुर्ग या छोट्या गावात सुरू झाली. काढणारे तीन भाऊ, जेवात, आवनी आणि फारुक येर्ली, तुर्कस्तानातून आलेल्या कुटुंबातले. त्यांचा डायनासोरच्या बेटाचा एक नमुना एनव्हिडियानं आपल्या कार्डांची ताकद दाखवायला वापरला, त्यातून २००४ चा 'फार क्राय' आला आणि मग हा. म्हणजे या मंडळींचा उगमच मुळी कार्ड विकणाऱ्यांच्या शोकेसमधला. 'क्रायसिस'नं जास्त मागितलं यात नवल ते काय!

गेमच्या खोक्याच्या मागं छापलेली किमान गरज मी खोलीत येऊन लॅपटॉपशी ताडून पाहिली. एक जीबी रॅम: आहे. बारा जीबी जागा: पोरीच्या लग्नाचे फोटो उडवले तर होईल (पोरगी म्हणजे मावसबहीण, आणि फोटो उडवले नाहीत). २५६ एमबीचं ग्राफिक कार्ड: इथं गाडी अडली.

त्या गेमची एक गंमत मला फार नंतर कळली. तो आखला जात होता तेव्हा प्रोसेसरचा वेग दरवर्षी वाढत जाणार असंच सगळे धरून चालले होते. इंटेलनं मात्र २००४ मध्येच ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ गुंडाळला. एक कोअर आणखी पळवण्याऐवजी एकाच चिपवर दोन, चार कोअर बसवायचं युग आलं. 'क्रायसिस'चा भार मात्र बराचसा एकाच कोअरवर. त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं, नवी महागडी यंत्रं घेऊनही, तो काही जागी अडखळतच राहिला. ज्या भविष्यासाठी अंगरखा शिवला होता, ते भविष्य वेगळ्याच अंगाचं निघालं.

माझ्यासारख्या शनिवार-रविवारच्या खेळाडूची सोय जर्मनीत दुसरीकडंच होती. मोठ्या दुकानांत पुठ्ठ्याचा एक पिरॅमिड उभा असायचा, नावच 'सॉफ्टवेअर पिरामिडे'. त्यात दोन-चार वर्षांपूर्वीचे गेम, दहा युरोच्या आसपास. स्टेशनवरच्या स्टॉलवर 'गेमस्टार' किंवा 'कॉम्प्युटर बिल्ड श्पीले' घेतलं की डीव्हीडीवर एखादा जुना गेम पूर्णच मिळायचा. माझं जर्मन निम्मं विद्यापीठात आणि निम्मं 'दी झीडलर'मध्ये शिकून झालं. सुतार, गवंडी, लाकूडतोड्या, पाणक्या: हे शब्द कुठल्याही वर्गात इतक्या लवकर शिकवत नाहीत. मूळ 'झीडलर' १९९३ चा, ब्लू बाइटचा. त्यात लोक लाकडं वाहतात, आपण बघत बसायचं. यापेक्षा जास्त काही मला गेमकडून नको असतं, हे कळायला बराच काळ गेला.

उशिरा खेळण्याचे फायदे इथल्याच गेमनी शिकवले. पिरान्या बाइट्स या ऱ्हूर खोऱ्यातल्या स्टुडिओचा 'गॉथिक ३' २००६ मध्ये बाजारात आला तो चुकांनी भरलेला, आणि यंत्राकडून भरपूर मागणारा. पुढे चाहत्यांनीच कित्येक वर्षं दुरुस्त्या करून तो खेळण्याजोगा केला. पहिल्या दिवशी रांग लावणाऱ्यांनी पूर्ण पैसे मोजून चुका घेतल्या, मागून येणाऱ्यांना स्वस्तात नीट गेम मिळाला. (हा स्टुडिओ २०२४ मध्ये बंद पडला. वाईट वाटलं.)

जर्मन आवृत्त्यांचा एक वेगळाच मामला होता. 'हाफ-लाइफ'मधले सैनिक पुण्यात माणसं होते, इथं त्यांचे यंत्रमानव झालेले. 'टीम फोर्ट्रेस २'मध्ये गोळी लागली की रक्तामांसाऐवजी स्प्रिंगा आणि दातेरी चाकं उडायची. इथले नियम तेव्हा हिंसेबाबत कडक होते, म्हणून ही कारागिरी. मला त्या स्प्रिंगा जास्त आवडायच्या, उगाच खोटं कशाला बोला.

२०१० मध्ये शेजारच्या मुलानं नवं कार्ड घेतलं आणि जुनं ८८०० जीटी माझ्या दारात ठेवून गेला. 'क्रायसिस'च्या थोडंच आधी आलेलं, त्याच्या जोडीनंच नाव काढलेलं कार्ड. त्याच्याभोवती मी २०१२ मध्ये डेस्कटॉप जोडला आणि अखेर झावळीवर गोळी झाडली. पाच वर्षं उशीर, मधलीच सेटिंग, पण गेम सुरळीत. माझं मत विचाराल तर पहिला अर्धा भाग सुरेख. बेटावर कुठूनही जा, लपा, पोहा. परग्रहवासी आले की मजा संपते. एवढ्यासाठी जगानं कार्डं बदलली!

माझा हा पाच वर्षं मागून चालायचा नियम फक्त दोनदा हुकला. क्रिप्टो नाण्यांच्या 'मायनिंग'ला हीच कार्डं लागायची, त्यामुळे २०१७-१८ आणि पुन्हा २०२०-२२ मध्ये जुनी कार्डंसुद्धा मूळ किमतीच्या वर गेली. मागून येणाऱ्याला मागंही जागा उरली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या नाण्यानं मायनिंगच सोडलं, तेव्हा वापरलेल्या कार्डांचा पूर आला. त्यातलं एक मी घेतलं. 'फक्त गेमसाठी वापरलंय' असं विकणाऱ्यानं शपथेवर सांगितलं. पहिल्याच रात्री त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. वरच्या मजल्यावरच्या आजींनी दहानंतरच्या शांततेची आठवण करून दिली.

कोलोनच्या गेम्सकॉम या गेमच्या प्रदर्शनाला एकदाच गेलो, २०१८ मध्ये. नवा गेम पंधरा मिनिटं खेळायला तीन तासांची रांग. मी जुन्या यंत्रांच्या दालनात जाऊन बसलो. तिथं एक बाप आपल्या मुलाला कमोडोर ६४ वर कॅसेट कशी चढते ते दाखवत होता. गेम चढेपर्यंत मुलगा निघून गेला, बाप बसून राहिला.

आता गेमला लागतं त्याहून विंडोजला जास्त लागतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०ला मिळणारा आधार थांबला आणि २०१२ चा माझा प्रोसेसर अकराला चालत नाही. 'झीडलर' मात्र अजून चालतो. नवं यंत्र घ्यायचं म्हणून किमती पाहिल्या. एनव्हिडियाचं २०२५ चं थोरलं कार्ड, ५०९०, एकटंच ५७५ वॅटपर्यंत खातं. इथं विजेच्या युनिटला ३५-४० सेंट पडतात. ८८०० जीटीचं भागायचं १०५ वॅटमध्ये.

ते जुनं कार्ड गेल्या महिन्यात दिलं. जर्मनीतल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक दुकानांना २५ सेंटिमीटरपर्यंतची जुनी वस्तू, नवीन काही न घेताही, फुकट परत घ्यावी लागते. जायच्या आधी पट्टी लावून बघितली, तेवीस भरलं. ५०९० तीस सेंटिमीटरच्या वर आहे.