लिंबायत ते धुळे : एका सायकलप्रवासाची पूर्वतयारी

सकाळी सातच्या सुमारास लिंबायतच्या रस्त्यावर उभे राहिले की हँडलला जेवणाचा डबा अडकवून लूम खात्याकडे निघालेल्या सायकली आजही दिसतात. पूर्वीपेक्षा कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतून पोटासाठी येथे आलेल्या या माणसांची नाडी पाहण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. त्यांना "रोज चाला, वजन उतरवा" असे सांगणाऱ्या मला स्वतःला मात्र वयाच्या बावन्नाव्या वर्षी एचबीएवनसी ६.२ आल्यावरच सायकल आठवली, हे प्रांजळपणे नमूद करतो. गिअरची सायकल घेऊन प्रथम दवाखान्यात आलो तेव्हा एका रुग्णाने काळजीने विचारले होते, "डॉक्टर, गाडी बिघडली का?"

येत्या डिसेंबरात लिंबायतहून धुळ्यापर्यंत सायकलने जाण्याचा बेत आहे. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, पुढे कोंडाईबारीचा घाट आणि साक्री. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. उधना-जळगाव लोहमार्गाने आपण पिढ्यान्‌पिढ्या गावी जात आलो. नवापूरचे स्टेशन अर्धे गुजरातेत व अर्धे महाराष्ट्रात, हे कौतुकही आपण मुलांना खिडकीतून दाखविले. तेवढाच प्रवास एकदा स्वतःच्या पायांनी करावा, एवढीच इच्छा.

व्यवसायातून वेळ मिळत नाही, हे आपले आवडते कारण. त्यावरचे उत्तर नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्येच देऊन ठेवले आहे. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाइडपासून पूर्वेच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही स्पर्धा त्यांनी दोघांच्या संघातून नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकट्याने, बारा दिवसांच्या आत, अवघ्या काही तासांच्या अंतराने पार पाडली. चौघेही डॉक्टर, हा योगायोग मला फार सुखावतो.

अर्थात त्यांची वाट वेगळी, माझी वेगळी. मी प्रमाण मानले ते 'ब्रेव्हे' प्रकारच्या सायकलफेरीचे : २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास. शर्यत नाही, केवळ मुदत. प्रथम हृदयरोगतज्ज्ञ मित्राकडून ट्रेडमिल चाचणी करून घेतली. मग सीटची उंची. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा, हा साधा नियम न पाळल्याने दोन महिने गुडघेदुखी सोसली. हाताच्या करंगळीला मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा अल्नर नर्व्हवरील दाब स्वतःवरच अभ्यासण्याची संधी मिळाली. जाड हातमोजे आणि पकड वारंवार बदलणे यांनी ते थांबले.

परंतु खरा धडा मिळाला तो गेल्या मार्चमध्ये. व्यारापर्यंत जाऊन परत, असा सुमारे १३० किलोमीटरचा सराव ठरविला. उन्हाची धास्ती म्हणून दर वीस मिनिटांनी, तहान असो वा नसो, पाणी पीत होतो. सोबत केळी आणि ग्लुकोज. परतताना बारडोलीच्या अलीकडे डोके जड झाले, मळमळू लागले, बोटांतील अंगठी रुतू लागली. ऊन लागले, असे निदान करून मी आणखी एक लिटर पाणी प्यालो! घरी आल्यावर वजनकाट्यावर उभा राहिलो. आठ तास घाम गाळून वजन सकाळपेक्षा एक किलोने वाढलेले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सोडियम तपासले, १२९.

हे वाचून कोणी हसेल, हसावे. शिरेवाटे किती द्रव द्यायचे याचा मिलिलिटरचा हिशेब ठेवणारा माणूस स्वतःच्या बाटलीचा हिशेब विसरला होता. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंची तपासणी २००५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत तेरा टक्क्यांचे सोडियम १३५ किंवा त्याहून कमी आढळले होते, आणि त्याचा सर्वांत ठळक संबंध होता धावताना वजन वाढण्याशी. हा लेख मी पूर्वी वाचला होता, हे अधिक लाजिरवाणे. ओआरएस घेतल्याने प्रश्न आपोआप सुटतो असेही नाही. त्यात सोडियम लिटरला ७५ मिलिमोल, म्हणजे रक्तातल्याच्या साधारण निम्मे. गरजेपेक्षा अधिक प्यायले तर तेही पातळच करणार. तेव्हापासून नियम केला : तहान लागेल तेव्हाच पाणी, दर तासाला काहीतरी खारट खाणे, आणि सरावापूर्वी व नंतर वजन. आता दीडशे किलोमीटरनंतर वजन अर्धा-पाऊण किलोने घटलेले असते आणि डोके शाबूत असते.

थकलेल्या माणसाचा निर्णय भरवशाचा नसतो. अमेरिकेच्या त्या स्पर्धेत स्वारासोबत मोटारीतून मदतनीसांचे पथक असते ते यासाठीही. आमच्या पथकात सौभाग्यवती आणि चिरंजीव. सोनगडपासून मोटार मागे राहील आणि डिकीत वजनकाटा असेल. घाटाच्या पायथ्याशी विसरवाडीला मी काट्यावर उभे राहायचे आणि पुढे जायचे की नाही हे सौभाग्यवतींनी ठरवायचे, अशी अट आहे. अपिलाची सोय नाही.

परवा दवाखाना दोन दिवस बंद राहणार असल्याची पाटी लावत होतो. साक्री तालुक्यातले एक जुने रुग्ण, लूमवर हयात घालविलेले, ती वाचून थांबले. २०२०च्या टाळेबंदीत ते याच रस्त्याने साध्या सायकलने गावी गेले होते. कॅरिअरला बोचके, खिशात भाकरी आणि मिरचीचा ठेचा. मी उत्सुकतेने विचारले, "बाबा, कोंडाईबारी कशी चढलात?"

"चढलो कुठे, डॉक्टर?" ते म्हणाले. "उतरलो आणि ढकलली."