खुराड्याची कडी

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस, पांडवलेण्यांच्या डोंगरापासून थोड्याच अंतरावर अंबड हे जुने गाव आहे. एके काळी सर्वस्वी शेतीवर जगणारे हे गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीत असून त्याच्या शेजारी मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. एका बाजूस कारखान्यांची धुरांडी, तर दुसऱ्या बाजूस थोड्याच अंतरावर मळे, ओढे आणि झुडपांनी भरलेल्या टेकड्या, असा हा दुहेरी परिसर आहे. दिवेलागणीच्या सुमारास पाळी संपवून कामगार घरी परततात, आणि त्याच वेळी परसात हिंडणाऱ्या गावठी कोंबड्याही खुराड्याकडे वळू लागतात. त्यांना कोणी हाकारावे लागत नाही. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही. म्हणून उजेड सरण्यापूर्वीच ती निवारा शोधते. घरातील एखादे मूल त्यांची मोजदाद करते, दाराची फळी ओढते आणि कडी घालते. काम अर्ध्या मिनिटाचे. परंतु ज्या रात्री ते राहून जाते, त्या रात्रीची किंमत दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. परसात पिसे विखुरलेली असतात आणि खुराड्यात एकही जीव उरलेला नसतो.

असे घडले म्हणजे घरात पहिला प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे ‘कोण आले होते?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा जमिनीवरच लिहिलेले असते. अंडी फुटलेली असून कवचे तेथेच पडली असतील, तर मुंगसाचा संशय घ्यावा. अंडे कवचासह नाहीसे झाले असेल, तर ते सापाने गिळले असण्याचा संभव अधिक. उघड्या जागी एकाच ठिकाणी पिसांचा ढीग दिसला, तर शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याने भरदिवसा झडप घातली असावी. घारी आणि कावळे मोठ्या कोंबडीच्या वाटेस सहसा जात नाहीत. त्यांचा डोळा पिलांवर असतो. रात्री येणाऱ्यांत रानमांजर, उदमांजर आणि कोल्हा हे प्रमुख होत. ओल्या मातीत उमटलेले ठसे पाहिल्यास त्यांच्यातील भेद ओळखता येतो. मांजराच्या कुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या ठशांत नखांच्या खुणा दिसत नाहीत. कोल्ह्याच्या आणि कुत्र्याच्या ठशांत मात्र त्या स्पष्ट उमटतात. नखांची खूण नसलेला ठसा सुमारे तीन इंच रुंद असेल, तर तो मांजराचा नव्हे, बिबट्याचा होय.

शिकारी प्राणी एकच कोंबडी नेण्यासाठी आला असता अनेक कोंबड्या का मारतो, याचे पुष्कळांना नवल वाटते. लोक त्याला क्रूर म्हणतात. वस्तुतः रानात एक पक्षी पकडला गेला की बाकीचे उडून जातात आणि शिकार तेथेच संपते. बंद खुराड्यात मात्र पक्ष्यांना पळण्यास जागाच नसते. फडफड आणि ओरडा चालू राहतो, तोवर शिकाऱ्याची झडप घालण्याची उपजत प्रेरणाही शमत नाही. तेव्हा कच्चे खुराडे कोंबड्यांना वाचवीत नाही. उलट ते त्यांना कोंडून शत्रूच्या स्वाधीन करते. म्हणूनच राखण करावयाची तर ती पक्की करावी. अर्धवट राखण निरुपयोगी होय.

या सर्व निशाचरांत ज्याच्या नावाने वस्त्यांवर दारे लवकर लागतात, तो बिबट्या होय. तो घनदाट अरण्यातच राहतो, ही समजूत बरोबर नाही. नाशिक जिल्ह्यात दारणा नदीवर १९१६ साली धरण पूर्ण झाले, पुढे इतरही धरणे झाली, आणि कालव्यांच्या पाण्यावर उसाचे मळे फुलले. वर्षभराहून अधिक काळ उभा राहणारा दाट ऊस म्हणजे बिबट्याच्या दृष्टीने एक प्रकारचे रानच होय. तेथे लपण्यास आडोसा आणि जवळच पाणी मिळते. मादी तेथेच पिलांना जन्म देते. राहता राहिला अन्नाचा प्रश्न. तोही माणसाच्या वस्तीजवळच सुटतो.

सिन्नर व इगतपुरी या तालुक्यांना लागून असलेल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनानुसार तेथील शेतीच्या प्रदेशात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे वावरत होते. बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली असता आणखी एक गोष्ट उघडकीस आली. त्यांच्या आहाराचा सुमारे ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या कितीतरी पट अधिक होती. तरीही आहारात शेळ्यांचा वाटा ११ टक्केच भरला. याचे कारण सोपे आहे. शेळ्या दिवसा राखणदारासह चरतात आणि रात्री गोठ्यात बांधल्या जातात. कुत्री मात्र रात्रभर मोकळी हिंडतात किंवा अंगणात साखळीला बांधलेली असतात. ज्याची राखण होते, तो जीव वाचतो, हाच या आकड्यांचा अर्थ होय.

‘मग बिबट्यालाच पकडून दूर नेऊन सोडले तर?’ असा प्रश्न सहज सुचतो. हा उपाय पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात करून पाहण्यात आला. २००१ पासून तेथे अनेक बिबटे पिंजऱ्यांत पकडून लांबच्या जंगलांत सोडण्यात आले. त्यापूर्वीच्या आठ वर्षांत त्या वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. स्थलांतर सुरू झाल्यानंतर हे प्रमाण वर्षाला सतरापर्यंत गेले. अनोळखी मुलुखात सोडलेला बिबट्या बावरतो, आपल्या जुन्या ठिकाणाकडे परतू पाहतो आणि वाटेत माणसांच्या समोर येतो. शिवाय त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या व्यापतो. उसाचा आडोसा आणि मोकाट भक्ष्य ही दोन्ही जोवर कायम आहेत, तोवर एकाला हलविल्याने प्रश्न सुटत नाही. माणसांवर हल्ले करणाऱ्या बिबट्याला पकडावेच लागते, आणि वनखाते ते करते. पण तो अखेरचा इलाज होय, पहिला नव्हे.

हा प्रश्न केवळ कोंबड्यांच्या किमतीचा नाही. २०२० साली नाशिकजवळच्या दारणाकाठच्या गावांत बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली. २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात अंबडला लागून असलेल्या सिडको भागातील सावतानगरात आणि जवळच्या गोविंदनगरात बिबटे भरवस्तीत शिरले व त्यांना पकडावे लागले. मोकाट कुत्री, उघड्यावरचा कचरा आणि कडी न लावलेले खुराडे यांच्या ओढीने जो प्राणी अंगणापर्यंत येतो, त्याची आणि माणसाची गाठ पडण्यास उशीर लागत नाही. म्हणून खुराड्याची राखण ही अखेर घराचीही राखण ठरते.

आता ही राखण कशी करावी ते पाहू. खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, भक्कम खांबांवर असावे. त्याची जाळी जाड तारेची आणि सांध्यासांध्याला जोडलेली असावी. तिची भोके अर्ध्या इंचाहून मोठी नसावीत. मोठ्या भोकांतून साप आणि मुंगसाचे पिलू सहज आत शिरते, तर पातळ तारेची जाळी रानमांजर पंजाने फाडते. खुराडे जमिनीवरच असेल, तर जाळी बाहेरच्या बाजूस फूटभर आडवी पसरून मातीखाली पुरावी. भिंतीलगत उकरू पाहणाऱ्या प्राण्याच्या पंजांना तीच लागते आणि तो नाद सोडतो. छप्पर वजनदार व बांधलेले असावे. दाराची कडी नुसत्या ढकलण्याने उघडणारी नसावी. सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून काढावेत. दाण्यांना उंदीर येतात आणि उंदरांमागून साप येतो. अंडी रोज गोळा करावीत. खुडूक कोंबडी कडब्याच्या गंजीत किंवा अडगळीत जाऊन बसते. तिला शोधून रात्री आत आणावी.

दिवसाची राखण याहून सोपी आहे. लहान पिले डालग्याखाली ठेवावीत आणि डालग्यावर दगड ठेवावा. मोठ्या कोंबड्यांसाठी परसात झुडपे, वेलींचा मांडव किंवा आडव्या-उभ्या बांधलेल्या दोऱ्या असाव्यात, म्हणजे आकाशातून झेपावणाऱ्या शिक्र्याला मोकळी वाट मिळत नाही. या कामी कोंबडाही उत्तम पहारेकरी असतो. आकाशातील शत्रू दिसला तर तो एक प्रकारचा आवाज काढतो आणि जमिनीवरचा शत्रू दिसला तर दुसऱ्या प्रकारचा. कोंबड्या त्याप्रमाणे लपतात किंवा मान उंचावून सावध होतात.

कुत्र्याविषयी एक मोठा गैरसमज आहे. घराची राखण करण्यासाठी म्हणून त्याला रात्री अंगणात साखळीने बांधतात. परंतु बांधलेला कुत्रा ना लढू शकतो, ना पळू शकतो. बिबट्याच्या दृष्टीने ते मांडून ठेवलेले ताट होय. कुत्र्याला रात्री घरात, पडवीत किंवा पक्क्या दाराच्या खोलीत घ्यावे. तो आतून भुंकला तरी घर जागे होते. शेळ्यांच्या गोठ्याला नुसती चार फूट उंच भिंत पुरत नाही. बिबट्या ती लीलया ओलांडतो. गोठ्याला वरूनही जाळी किंवा छप्पर हवे.

यातील मूळ विचार नवा नाही. मेंढ्यांचे कळप घेऊन हिंडणारे धनगर रात्री शेतात मुक्काम करताना कळपाभोवती जाळीचे कुंपण उभारतात. त्याला वाघर म्हणतात. कुत्री आणि माणसे त्याभोवती पहारा देतात. नाशिकच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातील आदिवासी आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस पाळतात आणि गुराढोरांना सांभाळ, अशी वाघोबाला प्रार्थना करतात. ज्या प्राण्यापासून भय आहे त्यालाच देव मानणारी ही माणसे दुसऱ्या दिवशी गुरांमागे राखणदार पाठविण्यास मात्र विसरत नाहीत.

निरीक्षणाने काय साधते, याचे एक उदाहरण दूरच्या केनिया देशात मिळते. नैरोबी शहराजवळील अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या रिचर्ड तुरेरे या मसाई मुलाकडे घरच्या गुरांची राखण होती, आणि सिंह रात्री गुरे मारीत. त्याने प्रथम जाळ पेटवून पाहिला. सिंहांना त्याचा उपयोगच झाला. नंतर बुजगावणे उभारले. पहिल्या रात्री सिंह परत गेले, दुसऱ्या रात्री त्यांनी ते ओळखले. मग एका रात्री विजेरी घेऊन फिरत असताना त्याच्या ध्यानी आले की सिंह हलत्या उजेडाला भितात. अकरा वर्षांच्या त्या मुलाने जुनी बॅटरी, सूर्यप्रकाशावर चालणारी तबकडी आणि मोडक्या विजेऱ्यांचे दिवे जोडून आळीपाळीने लुकलुकणाऱ्या दिव्यांची रांग गोठ्याभोवती लावली. सिंह येईनासे झाले आणि एकही सिंह मारावा लागला नाही. तथापि ज्या उपायाने सिंह परतला, त्यानेच बिबट्याही परतेल, असे गृहीत धरू नये. दिवे पक्क्या दाराच्या जोडीला असावेत, त्याच्या बदल्यात नव्हे.

काही गोष्टी मात्र कदापि करू नयेत. मेलेल्या जनावरावर विष टाकल्यास घारी, गिधाडे, कुत्री असे कित्येक निरपराध जीव मरतात. कुंपणात घरची वीज सोडणे हा गुन्हा आहे. त्या तारेने माणसेही मरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला सर्वोच्च संरक्षण दिलेले आहे. ऊसतोडणीच्या वेळी त्याची पिले सापडली तर ती उचलून आणू नयेत. मादी रात्री त्यांना न्यावयास येते आणि पिले न सापडल्यास खवळते. भक्ष्याच्या मागे धावताना बिबटे उघड्या विहिरींत पडतात. वनखात्याचे कर्मचारी दोरांनी बाज किंवा पिंजरा सोडून त्यांना वर काढतात. विहिरीला कठडा बांधला, तर बिबट्याचे आणि माणसाच्या मुलांचेही प्राण वाचतात. बिबट्या दिसला म्हणून गर्दी करून ओरडणे सर्वांत धोक्याचे. वाट न मिळालेला प्राणीच उलटून अंगावर येतो. अशा वेळी घरात राहावे व १९२६ या क्रमांकावर वनखात्यास कळवावे. गाय, बैल, शेळी किंवा मेंढी मारली गेल्यास शासन अर्थसाहाय्य देते. त्यासाठी ४८ तासांच्या आत खबर द्यावी आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर हलवू नये.

गावठी कोंबडी एके काळी रानातच राहत असे. रानात तिला झाडाच्या उंच फांदीवर बसून रात्र काढता येत असे आणि संकट आल्यास उडून जाता येत असे. माणसाने तिला परसात आणले, दाणे दिले, तिची अंडी घेतली. त्याबरोबर तिची फांदीही काढून घेतली. कुत्र्याचेही तसेच आहे. जो पाळतो, त्याने राखलेही पाहिजे, हा या व्यवहारातील न सांगितलेला करार आहे. बिबट्या आणि रानमांजर यांनी असा कोणताही करार केलेला नाही. ते आपल्या भुकेला प्रामाणिक असतात. तेव्हा दोष कोणाला द्यावयाचा हे सकाळी विखुरलेल्या पिसांकडे पाहून ठरविण्यापेक्षा, संध्याकाळी उजेड असतानाच कोंबड्या मोजाव्यात, फळी ओढावी आणि कडी घालावी, हे अधिक शहाणपणाचे होय.