शाई नसलेलं मत



६ मे २०१०, गुरुवार. मी लीड्सला एमएस्सी करत होतो. ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक, पण ना सुट्टी, ना रिक्षावरचे भोंगे, लेक्चर नेहमीसारखं. काही दिवस आधी माझ्या नावाचं पोलिंग कार्ड पोस्टाने आलं, तेव्हा वाटलं काहीतरी घोळ झालाय. पण नाही! तिथे राहणाऱ्या कॉमनवेल्थ नागरिकाला, म्हणजे स्टुडंट व्हिसावरच्या भारतीयालाही, मत देता येतं. घरी आलेल्या फॉर्मवर रूममेटने सगळ्यांची नावं भरली होती, त्यात माझंही.

केंद्र चर्चच्या हॉलमध्ये. नाव-पत्ता सांगितला, ओळखपत्र कुणी मागितलं नाही (फोटो ओळखपत्राची सक्ती २०२३ पासूनची). मतपत्रिका घेऊन आडोशाला गेलो तर तिथे दोरीने बांधलेली पेन्सिल! आपल्याकडे २००४ च्या लोकसभेला देशभर यंत्रं आली, आणि इथे शिसपेन्सिल. कुणी खोडलं तर? फुली मारली, घडी घातली, पेटीत टाकली. शाईसाठी बोट पुढे करणार होतो, वेळीच आवरलं.

हे माझं आयुष्यातलं पहिलं मत. २००९ ला पुण्यात मतदान होतं तेव्हा मी मित्रांबरोबर हरिहरेश्वरला होतो. सुट्टी होती ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिशंकूची बातमी बघतच घरी फोन लावला. बाबा शाळामास्तर, जन्मभर इलेक्शन ड्यूटी केलेले. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "बरं केलंस. इथल्या यादीतलं नाव मीच घातलं होतं तुझं. फॉर्म भरायला दोनदा गेलो होतो."