बाटली नको, झाकण चालेल!

तुळजापूरच्या आसपास खेड्यांतून जुन्या मातीच्या भिंती अजून दिसतात. त्या जवळून पाहा. मातीत भुसकटाच्या काड्या आढळतील. नुसती माती वाळताना आकसते व तडकते; काड्या तिला धरून ठेवतात. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली अमेरिकेत शोधलेल्या बॅकेलाइटलाही अशीच जोड द्यावी लागली. एरवी ठिसूळ असणारा हा पदार्थ लाकडाचे पीठ घातल्यावर चिवट झाला, शिवाय स्वस्तही. विजेची जुनी काळी बटणे बहुधा त्याचीच असत.

मग वखारीतला भुसा आणि नवरात्रात यात्रेकरू टाकून जातात त्या पाण्याच्या बाटल्या, यांच्या फळ्या का करू नयेत?

अडचण उष्णतेची आहे. २०० अंश सेल्सियसच्या पुढे लाकूड करपू लागते, आणि बाटलीचे प्लास्टिक वितळते सुमारे २५० अंशांना. म्हणजे प्लास्टिक पातळ होण्याआधीच भुशाचा कोळसा! पण त्याच बाटलीचे झाकण पॉलिएथिलीनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असते. ही प्लास्टिके अनुक्रमे सुमारे १३० व १६५ अंशांना वितळतात. तेव्हा बाटली नको, झाकण चालेल.

भुसा आधी चांगला वाळवावा लागतो, नाहीतर त्यातील पाण्याची वाफ होऊन फळीत फोड येतात. शिवाय लाकडाला पाण्याची ओढ, तर ही प्लास्टिके तेलाच्या जातीची. दोघांचे सहज जमत नाही. म्हणून मॅलेइक अनहायड्राइड जोडलेले थोडे पॉलिप्रॉपिलीन घालतात. त्याचा एक भाग लाकडाला चिकटतो, लांब साखळी प्लास्टिकात गुंतते.

आता एक कोडे. लाकूड पाण्यावर तरंगते, पॉलिप्रॉपिलीनही तरंगते. दोन्ही समभाग घेऊन केलेली भरीव फळी मात्र बुडते! याचे कारण असे, की लाकूड तरंगते ते त्याच्या पेशींतील हवेमुळे. पेशींच्या भिंती पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असतात. यंत्राच्या दाबाखाली पोकळ्या चेपतात किंवा प्लास्टिकने भरून जातात आणि हवा नाहीशी होते. ही फळी कुंपणाला, अंगणातल्या बाकाला ठीक. पण सततच्या भाराखाली ती हळूहळू वाकते, म्हणून घराच्या तुळईला तिच्यावर विसंबू नये.

पडताळा शाळेतच घेता येईल. चिमूटभर भुसा पाण्यात टाका, तो तरंगेल. आता गुरुजींच्या देखरेखीखाली ते पाणी काही वेळ उकळा व थंड होऊ द्या. किती भुसा तळाशी बसला?