धणे, हापूस आणि कोकम: बिअरच्या दीड दशकाचा मागोवा

बेळगावजवळच्या उचगाव फाट्यावरून वेंगुर्ला रस्त्याने निघालं, की बाची मागे पडताच शिनोळीत महाराष्ट्र लागतो. पुढे चंदगडचे काजू आणि घाट उतरला की कोकम. बिअर मात्र या पट्ट्यात वर्षानुवर्षं एकाच चवीची प्यायली गेली. गार आहे ना, एवढंच बघायचं. तिच्यात आणखी काही घालतात, हे इकडच्या पोरांना कळलं ते पुण्या-बंगळुरूला नोकरीला गेल्यावर.

पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, पाठोपाठ बंगळुरूत टॉइट. 2015 मध्ये बिरा ही बाटलीबंद बिअर आली आणि तिच्या गव्हाच्या बिअरमधून धणे-संत्र्याचा वास दुकानादुकानांत पोहोचला. ही रीत बेल्जियमची. मोडीत निघालेली तिथली गव्हाची बिअर होगार्डन गावच्या पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने 1966 मध्ये पुन्हा उभी केली. धणे आपल्याच मसाल्याच्या डब्यातले, पण ते बिअरमध्ये टाकायचं धाडस तिकडून आलं. पुढे पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने मीठ घातलेली कोकम एल काढली. सोलकढीवर वाढलेल्यांना ती परकी वाटायचं कारणच नव्हतं.

घरच्या घरी प्रयोग मात्र इथे करता येत नाहीत. कर्नाटकचा 1965 चा अबकारी कायदा असो की महाराष्ट्राचा 1949 चा दारूबंदी कायदा, परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हाच. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने हौशी लोकांना मोकळीक दिली. त्यामुळे हात पोळून घ्यायचं शिक्षण आपल्यातल्यांना मिळतं ते तिकडच्या गॅरेजमध्ये, 20 लिटरच्या पिंपाशी.

नवशिक्याचा पहिला मोह हापूसचा. डब्यातला रस बिअरच्या उकळत्या काढ्यात ओतला, की वास वाफेबरोबर जातो आणि फळातल्या पेक्टिनमुळे बिअर गढूळ होते. शिवाय आंब्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. गोडवा संपतो, उरते आंबूस छटा. गुळाचंही तेच. म्हणून रस घालायचा तो पहिला जोराचा फेस बसल्यावर, 20 लिटरला दोन-तीन किलो, आणि हॉप्सचा कडवटपणा आधीच कमी ठेवायचा. तो रस पुरता आंबण्याआधी बाटल्या भरल्या, तर आत वायू साठत राहतो आणि बाटली फुटते. धण्यांचं गणित उलटं: 15-20 ग्रॅम, भरड कुटून, उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत. हात सैल सुटला की साबणाची चव येते.

मूळ पदार्थ आधी नीट तयार करून चव शेवटी घालणं आपल्या घरांना नवं नाही. नाचणीचं आंबील करताना पीठ आधी नीट आंबवतात, शिजवतात. ताक, लसूण, जिरं पडतं ते गार झाल्यावर.

सुरुवातीला नवी चव म्हणजेच नवी बिअर, असा समज होता. आता जाणते लोक आधी साधी बिअर मागवतात आणि त्यावरून बनवणाऱ्याचा हात ओळखतात. नवशिक्याने यातून एवढंच उचलावं: 20 लिटरमधले चार लिटर बाजूला काढून त्यांतच एक चव, समजा कोकमाची, घालावी आणि दोन्ही ग्लास शेजारी ठेवून प्यावेत. साधा ग्लास आधी रिकामा झाला, तर पुढच्या खेपेला कोकम निम्मं करावं.