आघातानंतरचा प्रश्न : माळीण, शिलोह आणि केडगाव

संकट म्हणजे पापाची शिक्षा, ही समजूत अनेक समाजांत खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यामुळे दुःखाने पिचलेल्या माणसावर अपराधीपणाचेही ओझे चढते. ख्रिस्ती धर्मविचाराने या समजुतीला दिलेले उत्तर पुणे जिल्ह्याच्या संदर्भात विशेष विचारात घेण्याजोगे आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण या आदिवासी गावावर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्यांच्यापैकी कोणाच्या कर्माचा हिशेब मांडणे जितके निर्दय, तितकेच निरर्थक ठरेल. लूककृत शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रपर चार ग्रंथांपैकी एकात, शिलोह येथील बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. ते इतर यरुशलेमकरांपेक्षा अधिक पापी होते, ही कल्पना येशू साफ नाकारतो आणि ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाकडे, अर्थात स्वतःच्या जगण्याची दिशा बदलण्याकडे, वळवतो.

ही शिकवण प्रत्यक्षात कशी उतरते, याचे मोठे उदाहरण आंबेगावच्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातील केडगावला आहे. तेथे निराधार स्त्रियांसाठी काम उभारणाऱ्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे आईवडील व बहीण दुष्काळाच्या काळात गेले, १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी वारले, आणि लहानगी मुलगी मनोरमा पदरी असताना त्या विधवा झाल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा जलसंस्कार, घेतला. त्यापूर्वी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी तेथील ख्रिस्ती भगिनी चालवीत असलेले काम पाहून आणि शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना तुच्छ मानत त्या समाजातील, स्त्रीशी येशूने केलेल्या संवादाची कथा जाणून घेऊन त्या प्रभावित झाल्या होत्या. मात्र कृपेचा, म्हणजे कमवावी न लागणाऱ्या ईश्वरी प्रेमाचा, अनुभव त्यांना बाप्तिस्म्यानंतर अनेक वर्षांनी आला, असे त्यांनीच नमूद केले आहे.

१८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा आणल्या, आणि केडगावला उभ्या राहिलेल्या 'मुक्ती' संस्थेत त्यांना आसऱ्यासोबत शिक्षण, शेती, विणकाम व छपाईचे कौशल्य दिले. पुढे 'कृपासदन' हे पतित ठरवल्या गेलेल्या स्त्रियांसाठीचे घरही सुरू झाले. स्वतः उपासमार भोगलेल्या बाईंनी त्या अनुभवाचे भांडवल केले नाही, तर भुकेल्या मुलींची गरज ओळखण्यासाठी तो वापरला. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे त्यांचे काम थांबले नाही.

दुःख माणसाला आपोआप थोर करते, असा दावा ख्रिस्ती शिकवण करीत नाही. दुःख कोणाच्या पापाचे फळ आहे, हे शोधण्यापेक्षा शेजाऱ्यासाठी आपण काय करतो, हा प्रश्न ती अधिक महत्त्वाचा मानते. आणि आपद्ग्रस्तांशी वागताना कोणत्याही धर्माच्या वाचकाने हाच क्रम पाळावा.